न सापडलेला भाजक

"मंग जावई काहून नाही आले?" धरमसिंगांनी विचारलं.

"ड्युटी आहे," जया म्हणाली. लोहाऱ्याच्या कारखान्यात रविवारीही पाळी असते, हे खरं होतं. तिचा नवरा नयन मागच्या दिवाळीत घर सोडून गेला होता आणि त्याचा फोनही लागत नव्हता, हे तिनं तांड्यावर कोणालाच सांगितलं नव्हतं.

धरमसिंग बंजारा तांड्याचे कारभारी. नसाबात, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, साक्षीदारांना प्रश्न विचारायचं काम त्यांचं. जया यवतमाळच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. रविवारी राळेगावच्या एसटीनं यायची आणि बापलेकीचं बोलणं संख्यांवर चालायचं. ती शिकायला बाहेर पडली तेव्हापासून घरात तिच्याशी सगळे मराठीतच बोलत.

तुरीच्या शेंगा सोलत ती सांगत होती, "दोनाचा वर्ग करायचा. आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग. असं वीस वेळा. शेवटी एक मिळवायचा. तीन लाखांवर अंक होतात, बा. लिहायला बसलं तर अख्खं पुस्तक भरेल."

"बरं. मंग तेले भाग जाते का?"

"जातो. ते सिद्ध झालंय."

"कोनाचा?"

"ते अजून कोणालाच सापडलं नाही."

धरमसिंग हसले. "म्हंजे चोरी झाली हे पक्कं, चोराचा पत्ता नाही. नसाबात असं बोललो तं लोकं चपला घालून उठून जातीन."

"इथं साक्षीदार लागतच नाही. एक परीक्षा असते. ती मूळ संख्या असती, कशानंच भाग जात नसता, तर त्या परीक्षेत ठरलेली बाकी उरली असती. ती उरली नाही. म्हणजे भाजक आहे. कुठला, ते परीक्षा सांगत नाही."

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"हे पटलं," म्हणाले. मग नेहमीसारखं म्हणाले, "आज मुक्काम कर."

ती राहिली. सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा ते खाटेवरून उठले नाहीत.

दुपारपर्यंत अंगणात बाया जमल्या. तांड्यात नुसतं रडत नाहीत. गेलेल्या माणसाला हाक मारून, सूर धरून, त्याच्याशी बोलत रडतात, आणि तेही गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. लेकीनं बापाला आपल्या घरचं सांगायचं असतं. बाया जयाकडे बघत थांबल्या. तिनं तोंड उघडलं नाही. घरचं सांगण्यासारखं काही खरं उरलं नव्हतं, आणि जे खरं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

सुखीबाईनं, तिच्या आईनं, तिला जवळ ओढलं. हळूच म्हणाली, "सांग बाई. त्यायले माहीत होतं."

"काय?"

"जावई सोडून गेले ते."

"कोणी सांगितलं?"

"कोनी नाही. तुले दर खेपेले मुक्काम कर म्हनत ना? मले म्हने, घरी कोनी वाट पाह्यत असतं, तं पोरगी एखाद्या वेळी तरी नाही म्हटली असती. म्हने, कुठं गेला, काहून गेला, ते मले ठाऊक नाही. गेला, एवढं पक्कं. मी म्हटलं, मंग विचारा तिले. तं म्हने, ते तिनं सांगावं."

जया उठून खाटेजवळ गेली. लहानपणची बोली जिभेवर यायला वेळ लागला. सूर तर आलाच नाही.

"बा," ती म्हणाली, "घरेम म एकली छू."