किल्ली फिरवा

"वास येत नाही म्हणजे काय? नाक काय नुसतं चष्मा अडकवायला दिलंय तुम्हाला?"

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाई आता ऐकून घेणार नव्हत्या. गॅरेजचा हा तिसरा हेलपाटा होता. दर वेळी मेकॅनिक गाडीखाली शिरायचा, कुठली तरी क्लिप आवळायचा आणि 'झालं' म्हणायचा. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरची पोरं पेट्रोलच्या वासाने पुन्हा नाक धरून बसायची. घरी नवरा म्हणे, तुझ्या मनाचे खेळ आहेत. आता मन काय पेट्रोलवर चालतं?

मेकॅनिक गडी हुशार, त्यात वाद नाही. पण बोलायला लागला की नाकाने कांदे सोलायचा.

"ताई, पेट्रोल पेटत नसतं, त्याची वाफ पेटते. हवेपेक्षा जड असते ती. बंद गाडीत सीटखाली साचते, मग किल्ली फिरवताना एक ठिणगी पुरते. हे तुम्ही मला शिकवणार? वास असता तर आधी मीच ओळखला असता."

"गाडी कालपासून तुमच्याकडेच बंद उभी आहे ना?"

"आहे की."

बाईंनी मागचं दार सरकवलं. असा भपकारा आला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेकॅनिकने शेजारूनच आत डोकं घातलं, छाती भरून श्वास घेतला आणि मान हलवली.

"काही नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडूही येत होतं. उद्या सकाळी याच सीटवर लोकांची लेकरं बसणार, आणि हा माणूस बाईंनाच वेड्यात काढत होता. त्यांनी आपल्याजवळची दुसरी किल्ली त्याच्या हातावर आपटली.

"मग बसा आत. दारं लावा आणि फिरवा किल्ली."

तो तावातावाने जाऊन बसला. दार लागलं. बाई रागाने बोलून गेल्या खऱ्या, पण त्यांचे पाय आपोआप मागे मागे सरकत पार रस्त्यापर्यंत गेले. नको म्हणून ओरडावंसं वाटलं. काचेआडून तो त्यांच्याकडेच बघत होता. किल्लीवरचा हात हलत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने किल्ली काढली. खाली उतरला, गाडीची सगळी दारं उघडी टाकली आणि बाईंजवळ आला.

"ताई, गेल्या वर्षीच्या आजारपणापासून मला कसलाच वास येत नाही. तुम्ही जरा खाली वाका, आणि कुठे जास्त येतो ते मला सांगत जा."