पहिलं बाळंतपण

"पहिलं बाळंतपण माहेरीच," सासूबाईंनी निकाल दिला. "कॅनडा काही पळून जात नाही."

जात नव्हता. पण आठवा महिना सरला की विमानवाले शाल्मलीला घेणार नव्हते, म्हणून आजच ठरवायचं होतं. नवरा आधीच तिकडे पोचून बर्फ उपसतानाचे फोटो पाठवत होता. तिने कोकणात एकट्या राहणाऱ्या वडिलांना फोन लावला.

"अप्पा, बाळंतपणाला येते."

"येऊ नकोस. तिकडेच बाळंत हो."

फोन स्पीकरवर होता. पहिलटकरीण लेकीला नको म्हणणारा बाप सासूबाई या जन्मी प्रथमच ऐकत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"तुझ्या भावाच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा मी गाडी शोधत गावभर फिरलो," अप्पा म्हणाले. "परत आलो तोवर आई आणि बाळ, दोघंही गेली होती. ती माजघरातून अजून विचारते, गाडी मिळाली का म्हणून."

सासूबाई उठल्या आणि कॅनडाच्या बॅगेत डिंकाचा डबा कोंबू लागल्या.

"मग तुम्हीही चला ना, अप्पा. माझ्याबरोबर."

"मी आलो, तर तिला उत्तर कोण देणार?"