मोडलेली इस्त्री

शिंपीदादांचा जीव शर्टाच्या इस्त्रीत अडकलेला. गाडीत बायको सीटबेल्ट म्हणाली की ते उसळायचे, “छाती माझी, मर्जी माझी. इस्त्री मोडते!” “अहो, इस्त्री काय, पुन्हा करता येते!” त्या दिवशी सिग्नलला तिने वैतागून स्वतःचा बेल्ट काढला, वाकून त्यांचा खटकन लावला. दिवा हिरवा झाला. तिचा लावून होईपर्यंत थांबायचं, तर दादांनी तणतणत गाडी काढली. सिग्नल तोडून आलेला टेम्पो तिच्या बाजूवर आदळला. दादा तेवढे वाचले. आता दुकान बंद झालं तरी त्यांचे पाय घराकडे वळत नाहीत. काल शेवटचं गिऱ्हाईक हसलं, “खुंटीवरचा शर्ट तेवढा चुरगळलेला कसा?” दादांनी तो पसरला, गरम इस्त्री उचलली. छातीवर बेल्टची तिरकी चुणी तशीच होती. त्यांनी इस्त्री बंद केली. “पुन्हा करता येते” म्हणायची. तिचं तेवढंच चुकलं.