संघटना कुणाची

"चॅनेलवाले यायच्या आत हिला इथून हलव," ट्रेव्हर बॅस्कम म्हणाला. "मागच्या झाडीत ने आणि उरकून टाक. बंदूक माझ्या गाडीत आहे."

लॉर्ना पॅस्को ट्रॅकवर, जखमी कुत्रीजवळ गुडघ्यांवर बसली होती. सकाळच्या सरावात वळणावर धडक झाली आणि टिलीचा, ट्रेव्हरच्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्रीचा, मागचा पाय मोडला. ती ओरडत नव्हती, नुसती थरथरत होती. मालक जवळ आला म्हणून तिने त्याचा हात चाटला. ट्रेव्हरने तो पँटला पुसला.

"ट्रॅकवरचे डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल," लॉर्ना म्हणाली.

"जुळेल गं. पण पळेल का?"

याच टिलीने त्याला गेल्या हंगामात करंडक मिळवून दिला होता. लॉर्नाने टिलीला उचललं, आपल्या गाडीत घातलं आणि गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन पोचवलं.

ती परतली तेव्हा क्लबच्या हॉलमध्ये ग्रेहाउंड मालक संघटनेची सभा सुरू झाली होती; लॉर्नाही तिची सभासद होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शर्यती बंद करायच्या की नाही, हे मंत्री दुसऱ्या दिवशी ठरवणार होते, आणि मालकांची बाजू अध्यक्ष म्हणून ट्रेव्हर मांडणार होता. व्यासपीठावर, चॅनेलच्या कॅमेऱ्यासमोर, तो डोळे टिपत होता.

"ही कुत्री म्हणजे आमच्या घरातली माणसं आहेत हो!"

"मग घरातलं माणूस आहे कुठे?" लॉर्ना दारातूनच म्हणाली. "टिली कुठाय, ट्रेव्हर?"

"शेतावर. लोळत असेल मजेत."

"खोटं बोलतोस. सकाळी तिला गोळी घालायला सांगितलंस मला."

ट्रेव्हरचा चेहरा लाल झाला.

"मी एकटाच का? इथल्या एकाने तरी हे केलं नाही म्हणून सांगावं! आणि तुझा बाप गं? संध्याकाळी झाडीत काय ससे मारायला जायचा?"

बाप तिला तसंच सांगायचा. ससे. लहानपणी घराच्या पायरीवर बसून तिने ते बार ऐकले होते. तिने हॉलभर नजर फिरवली. कुणीतरी 'नाही' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. सगळे पुढ्यातल्या बशीतल्या सॉसेजकडे बघत होते.

शेवटी म्हातारा नेव्हिल उठला. "ट्रेव्हर, खाली उतर. कॅमेऱ्यासमोर असलं बोलतात? बुडवलंस तू आम्हाला! उद्या अध्यक्ष म्हणून लॉर्नाला पाठवू या. हिच्या बापाने ट्रॅक बांधलाय. ही मरेल, पण तो बंद होऊ देणार नाही."

भराभर हात वर झाले. शिव्या घालत ट्रेव्हर निघून गेला, जाताना दार आपटलं त्याने. टाळ्या पडल्या. कुणी लॉर्नाची पाठ थोपटली, कुणी तिच्या हातात बिअर दिली. "सुटलो बाबा!" नेव्हिल म्हणाला. "फक्त त्या झाडीचं मंत्र्यांनी विचारलं, तर एकट्या ट्रेव्हरचं म्हणून सांग. तेवढं सांभाळून घे."

टिलीचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. त्या हसऱ्या, घामेजल्या चेहऱ्यांची, आयुष्यभर ओळखीच्या त्या माणसांची, तिला शिसारी आली. हातातला ग्लास तिने न पिताच खाली ठेवला.

वार्ताहर मुलीने माइक पुढे केला. "नव्या अध्यक्षांची सरकारकडे मागणी काय असेल?"

"एकेका कुत्र्याला आधी घर मिळवून द्या," लॉर्ना म्हणाली, "आणि मग माझ्या बापाचा ट्रॅक बंद करा."