सातवी ओळ

ज्यांच्या बियांच्या तेलावर गाड्या चालतील आणि जी पाण्यावाचून जगतील, अशी झुडपं घडवण्यात संशोधकाचा जन्म चालला होता. नियम एकच: रोपं रुजली, की पुढे थेंबभरही पाणी द्यायचं नाही. दोन उन्हाळे बाकीच्या ओळींनी माना टाकल्या. कुंपणालगतची सातवी ओळ मात्र हिरवीगार राहिली. हिचंच बी उजाड माळांवर पेरायचं, असं ठरूनही गेलं.

यंदा हिवाळ्यात त्याची बायको वारली. उन्हं तापली तशी आठवडाभरात सातवी ओळ पार वाळून गेली.

त्याने झुडपं उपटून पाहिली. कीड नव्हती, रोग नव्हता. मुळं तेवढी खोल गेलीच नव्हती. वरच्या वर पसरलेली, पाण्याची सवय झालेली. मग त्याला आठवलं. रोज दुपारी ती डबा आणि पाण्याचा मोठा कॅन घेऊन यायची. तो वहीत डोकं घालून जेवायचा, ती कुंपणापाशी जाऊन बसायची. येताना ओझ्याने वाकलेली असायची, जाताना ताठ.

त्याने म्हाताऱ्या राखणदाराला गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, साहेब."

"मग बोलला का नाहीत? माझं सगळं काम मातीत गेलं."

"वहिनींनी शपथ घातली होती. म्हणायच्या, 'काका, ही ओळ हिरवी दिसली ना, की त्या दिवशी हे घरी येऊन माझ्याशी दोन शब्द बोलतात.'"