चोर कुठल्या पेटीचे

“पीठ चाळून आणलंय,” देसांका म्हातारी म्हणाली. “गुठळी लागून बिचाऱ्या माशीची पाठ मोडायला नको, चोर असली म्हणून काय झालं.”

शेजारचा वितोमिर हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. समोर देसांकाच्या एकुलत्या एक मधपेटीच्या दारात झुंबड उडाली होती. परक्या माश्या आत घुसत होत्या, पोटं भरून बाहेर पडत होत्या, आणि पहाऱ्यावरच्या घरच्या माश्या दारातल्या फळीवर मरून पडल्या होत्या. ऑक्टोबर सरत आला होता, शिवारात फूल म्हणून उरलं नव्हतं. आतला मध गेला की ही पेटी हिवाळा काढणार नाही, हे सांगायला कुणी जाणकार लागत नव्हता.

“ब्लागोयेच्याच आहेत,” तो म्हणाला.

गेला आठवडाभर तो हेच म्हणत होता. म्हणून तर देसांका काल टेकाडावर गेली होती आणि ब्लागोयेच्या फाटकात उभी राहून चार लोकांदेखत त्याला चोर म्हणून आली होती. ब्लागोये एका शब्दानं बोलला नव्हता.

“मग होऊ दे खात्री,” ती म्हणाली. “पीठ लागलेली माशी जाणार आपल्याच घरी. तिला कुठं खोटं बोलता येतंय?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. वितोमिरच्या मनात तर पुनव पडली होती. मध काढून झालेल्या पोळ्यांच्या ओल्या चौकटी त्यानं आपल्या अंगणात उघड्यावर टाकून दिल्या होत्या. माश्या चाटून साफ करतील, आपली मेहनत वाचेल, एवढाच हिशेब. असं कधी करू नये, हे गावातल्या पोराठोरांनाही ठाऊक होतं. फुकटच्या मधाची चटक लागली की माशी शेजाऱ्याचं घर फोडते.

“आण, मी टाकतो,” म्हणत त्यानं हात पुढे केला. चिमटीवर भागवायचा त्याचा बेत होता. म्हातारीनं वाडगा काही सोडला नाही. तिनं चांगलं मूठभर पीठ घेतलं आणि दारातून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर भुरभुरवलं.

माश्या पांढऱ्या होऊन उठल्या. एक घिरटी घालून आलुबुखाराच्या झाडावरून थेट वितोमिरच्या कुंपणापलीकडे गेल्या. टेकाडाकडे एकही वळली नाही.

“माझ्या अंगणावरून वळसा घालून वर जात असतील,” वितोमिर म्हणाला. “वारा आहे ना.”

झाडाचं पान हलत नव्हतं.

“वितो! ए वितो!” कुंपणापलीकडून त्याच्या बायकोची, रादोयकाची हाक आली. “अरे, आधी इकडे ये! आपल्या निळ्या पेटीत पांढऱ्या झालेल्या माश्या शिरतायत. कसला मेला रोग आणलाय कुणास ठाऊक!”

देसांकानं वाडगा खाली ठेवला आणि हात झटकले. हिनं आता दोन सणसणीत शिव्या घालाव्यात, म्हणजे सुटलो, असं वितोमिरला वाटलं. ती वाकून फळीवरच्या मेलेल्या माश्या बोटानं बाजूला करू लागली.

“काकी, संध्याकाळी पेट्यांची अदलाबदल करू,” तो घाईघाईनं म्हणाला. “तुझी पेटी माझ्या निळीच्या जागी, निळी इथं. लुटारू सवयीनं जुन्याच जागी येतील आणि तुझ्या पेटीत राबतील. तुझी पेटी तरेल.”

“ते तर तू करशीलच. न करून सांगतोस कुणाला?” ती म्हणाली. “पण आधी वर जा. काल माझ्या तोंडून जे वदवलंस, ते आज तुझ्या तोंडानं परत घे.”

टेकाडाचा चढ त्याच्या रोजच्या पायाखालचा, पण आज तो फारच लवकर संपला. ब्लागोये अंगणात हिवाळ्याची लाकडं रचत होता. वितोमिरनं टोपी काढली आणि चौकटींपासून पिठापर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं. लाज वाटत होती, पण सांगता सांगता छातीवरचं ओझंही उतरत होतं.

“रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर सांगतो,” तो म्हणाला. “माश्या तुझ्या नव्हत्या, हे गावाला कळायलाच हवं.”

ब्लागोयेनं हातातलं लाकूड रचून टाकलं आणि त्याला घरामागे नेलं. तिथं त्याच्या पेट्या ओळीनं उभ्या होत्या. थंडीसाठी भोवती गवताचे पेंढे बांधलेले, झाकणांवर दगड ठेवलेले. ऊन चांगलं होतं, तरी एकाही दारात माशी दिसत नव्हती.

ब्लागोयेनं एका पेटीवरचा दगड उतरवला आणि झाकण उचललं. आत कोळ्याचं जाळं होतं.

“ऑगस्टातच गेल्या, सगळ्या पेट्या,” तो म्हणाला. “रोग आला होता. माझ्या लक्षात यायला उशीर झाला. आजोबांपासूनच्या होत्या रे.”

“मग काल तिला तोंडावर सांगायचंस ना, वेड्या!”

ब्लागोयेनं झाकण सावकाश बसवलं आणि दगड पुन्हा होता तसा ठेवला.

“ती चोर म्हणाली तेव्हा चार लोक ऐकत होते,” तो म्हणाला. “म्हणजे चोर का असेनात, माझ्या माश्या जिवंत आहेत, असं गाव धरून चाललंय. रविवारी काही बोलू नकोस, वितो. हिवाळाभर एवढं राहू दे.”