धाकटीच्या हातातच लागणारा दिवा

लाल दिवा पुन्हा लागला तेव्हा धाकटीचा पाय ब्रेकवर नव्हताच. तिने पिकअप नुकतीच गॅरेजच्या दारात आणली होती. बाकी सगळं गप्प होतं आणि ब्रेकचा दिवा तेवढा डोळे वटारून तिच्याकडे बघत होता.

दादा आधीच येऊन बाकावर बसला होता, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला पट्टा, हातात काठी. त्यांचं काचेचं दुकान दोन दारं सोडून होतं. तेवढं अंतर चालायला त्याला दहा मिनिटं लागली होती, म्हणून तो आधीच चिडलेला होता.

"अठरा वर्षं ही म्हातारी माझ्या हातात आहे, मिस्त्री," तो म्हणाला. "एकदा दिवा लागला असेल तर शपथ. हिने किल्ली घेतली आणि पंधरा दिवसांत ही तऱ्हा."

सोमवारी शाळेच्या खिडक्यांच्या काचा पोचवायच्या होत्या. दिवा गेला नाही, तर ड्रायव्हर ठेवायचा आणि धाकटीने पुन्हा दुकानात बसून मापं घ्यायची, हे दादाने सकाळीच सांगून टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता. काच काय आणि बहीण काय, दोन्ही त्याला धड हव्या होत्या. धाकटी मात्र पंधरा दिवस झोपेतसुद्धा गिअर बदलत होती.

मिस्त्री म्हातारा होता आणि त्याला घाई ठाऊक नव्हती. कुठून सुरुवात करायची, असं त्याने तिलाच विचारलं. ती ब्रेक ऑइल म्हणाली. झाकण उघडून पाहिलं, ऑइल खुणेपर्यंत होतं. मग पुढची चाकं काढून पॅड पाहिले, तेही जाड होते. "म्हणजे दुखणं इथे नाही," मिस्त्री म्हणाला, आणि गिऱ्हाइकाच्या दारात ती गाडी कशी लावते, ते जसंच्या तसं करून दाखवायला सांगितलं.

धाकटीने गाडी थांबवली, हँडब्रेक वर ओढला, इंजिन बंद करून उतरली. मग पुन्हा चढून चालू केली, हँडब्रेक खाली सोडला. दिवा तसाच.

मिस्त्रीने हँडब्रेकच्या बुडाशी असलेलं रबर वर सारलं. दांडा खाली गेल्यासारखा दिसत होता, पण बोटभर वर राहिला होता. आतलं छोटं बटण त्याने बोटाने दाबलं. दिवा विझला. बोट काढलं, लागला.

"एवढंच ना? मग त्याची वायरच काढून टाका," दादा म्हणाला.

मिस्त्रीने धाकटीला मागच्या डाव्या चाकाजवळ नेलं आणि हाताची मागची बाजू जवळ धरायला सांगितली. तिने झटकन हात मागे घेतला. उजवं चाक गार होतं.

"पुढे दांडा सोडलास, तरी मागच्या चाकापर्यंत जाणारी तारेची दोरी अडकूनच बसते," तो म्हणाला. "एक चाक ब्रेक धरूनच फिरतंय. दिवा खरं बोलतोय, पोरी." मग तो बाकाकडे वळला. "मालक, चढावर गाडी लावताना तुम्ही काय करायचात?"

"गिअरमध्ये टाकायचो. गडी चाकाला दगड लावायचा. कधी इंचभर हलली नाही."

"आणि हँडब्रेक?"

"तो मला कशाला लागतोय?" दादा ऐटीत म्हणाला.

धाकटीबरोबर गडी नसायचा. काच तिला एकटीलाच उतरवावी लागायची, आणि गाडी बोटभर जरी सरकली तरी हातात फक्त कडा उरल्या असत्या. हँडब्रेक ओढल्याशिवाय ती मागचा पत्रा उघडतच नसे.

"अठरा वर्षं न ओढता दोरी आतल्या आत गंजली," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही ओढलाच नाही, मालक. दिवा लागणार कसा?"

दादा बराच वेळ काठीच्या टोकाने जमिनीवरचा तेलाचा डाग कोरत राहिला. कोरून तो निघणार नव्हता.

"वायर राहू द्या," शेवटी तो म्हणाला. "दोरी नवी घाला."

दुपारपर्यंत दोरी बदलून झाली, मागची चाकं साफ झाली. मिस्त्रीने धाकटीकडून पाढे म्हणून घ्यावेत तसा दहा वेळा हँडब्रेक ओढून आणि सोडून घेतला. ओढला की दिवा लागत होता, सोडला की विझत होता.

मग दादा म्हणाला की पाण्याच्या टाकीचा चढ जरा बघून येऊ. मिस्त्रीने त्याचा दंड धरून त्याला वर चढवलं. अठरा वर्षांत तो या गाडीत शेजारच्या सीटवर पहिल्यांदाच बसला. सीटचा पट्टा कुठल्या बाजूने ओढायचा, तेही त्याला क्षणभर उमगलं नाही.

चढाच्या ऐन मध्यावर धाकटीने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, ब्रेकवरचा पाय उचलला. मागे काचा ठेवायची रिकामी चौकट एकदा खडखडली आणि थांबली. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

दादा समोर बघत होता. जबडा आवळलेला. धाकटीची नजर खाली गेली. ऑपरेशन झालेला पाय लांब करून त्याने चप्पल पत्र्याच्या मोकळ्या जमिनीवर दाबून धरली होती, जणू तिथे ब्रेकच होता. एवढ्या जोराने, की गुडघ्यावरचा पट्टा ताणला गेला होता.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पाय उचल. गाडी थांबलीये."

त्याने खाली पाहिलं. दोन्ही हातांनी गुडघा धरून तो पाय हळूहळू वर घेतला, आणि गाडी हलते का, याची वाट बघत बसला.